डाव्या दाराची काच

युवराज त्या दिवशी दुपारीच घरी आला, चपला काढल्या, पंखा लावला, नेहमीच्या खुर्चीत बसला, आणि समोरच्या कपाटात स्वयंपाकघर नव्हतं. एरवी असायचं. नल्लकुंट्याच्या त्या फ्लॅटमध्ये हॉलच्या एका भिंतीला काचेच्या दारांचं मोठं कपाट होतं, त्याच्यासमोर युवराजची खुर्ची, आणि खुर्चीच्या पाठीमागे स्वयंपाकघराचं दार. कपाटाच्या आत सागवानाचा काळपटपणा असल्यामुळे डाव्या दाराच्या काचेत मागचं सगळं स्वच्छ उमटायचं: ओटा, नळ, खिडकीची जाळी, आणि ओट्याशी उभी असलेली त्रिवेणी. आज त्या काचेत पांढुरकं धुकं होतं. भांड्यांचा आवाज पाठीमागून येत होता, पण समोर कोणी नव्हतं. क्षणभर त्याला वाटलं, डोळ्यांना काही झालं. त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला. धुक्यात आता वेल दिसायला लागली. द्राक्षांचे घोस, मधोमध एक उभट कलश, चारी कडांनी दुहेरी रेघ. बरकतपुऱ्यात जुने बंगले होते तेव्हा त्यांच्या दारांवरच्या झडपांना अशा काचा असत. तो उठला, काचेवर बोट फिरवलं. खरखरीत, गार. नखाने खरवडून पाहिलं. काही निघालं नाही. चिकटवलेलं नव्हतं, रंगवलेलंही नव्हतं, काचेतच शिरलेलं होतं.

"अरे, लवकर आलात," त्रिवेणी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली. हात ओले होते.

"हे काय केलंस?"

"काच केली. जुन्या काचेसारखी. बरी दिसते ना?"

"कोणी करून दिली?"

"मीच केली. क्रीम मिळतं. नक्षी कापून चिकटवायची, वर क्रीम लावायचं, थोडं थांबून धुवायचं. जिथं लागतं तिथली काच पांढरी होते."

"आणि हे कोणी शिकवलं तुला?"

"फोनवर बघून शिकले." एवढं म्हणून ती चहा ठेवायला आत गेली.

तो पुन्हा खुर्चीत बसला. उत्तरं सरळ होती, आणि म्हणूनच त्याला ती बोचली. युवराज विम्याच्या दाव्यांचा सर्व्हेअर होता. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि मालक सांगतो तशीच ती ठोकली गेली का, ते ठरवायचं, हे त्याचं काम. रस्त्यावर बसलेला पोचा आणि घरी हातोडीने पाडलेला पोचा यांतला फरक त्याला लांबूनही समजायचा. खरा अपघात अस्ताव्यस्त असतो. काच एकीकडे, रंगाचा पोपडा भलतीकडेच, आणि मालकाला नीट काही सांगताच येत नाही. ज्याला सगळं नीट सांगता येतं त्याची फाइल युवराज बाजूला ठेवायचा. आता त्याच्याच घरात एक नवी काच जुनी असल्याचं सोंग करून उभी होती, आणि ते कसं केलं हे बायकोने न अडखळता सांगितलं होतं. त्याने निरखून पाहिलं. कडेच्या रेघेपाशी पांढरेपणा मुद्दाम विरळ ठेवला होता, वर्षानुवर्षं फडकं फिरून झिजल्यासारखा. ही अक्कल फोनवर बघून येते का. आणि सगळ्या घरात हीच काच कशी सुचली. खिडक्या होत्या, न्हाणीघराचं दार होतं, देवघर होतं.

आपण त्या काचेत बघत होतो, असं त्याने आजवर मनाशीही कधी म्हटलं नव्हतं. बसलं की समोर दिसायचं, एवढंच. वडील, नामदेवराव, बिदरकडची शेती भावाच्या हवाली करून नामपल्लीत धान्याच्या आडतीवर आले, तेव्हा त्यांनी हे कपाट घेतलं होतं, खुर्चीही त्यांचीच. लग्न झालं तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, आणि नव्या बायकोकडे सरळ बघायची सोय नव्हती. तेव्हा ती काचेत दिसायची. पोळी लाटताना खालचा ओठ दातांत धरायची, ते त्याला काचेतूनच कळलं. पुढे गौरी झाली, आई-वडील एकामागून एक गेले, सुलतान बाजारजवळच्या ज्या मराठी शाळेत त्रिवेणी चित्रकला शिकवायची तिथले मराठीचे वर्ग पोरं नाहीत म्हणून बंद झाले, गौरी शिकायला पुण्याला गेली, आणि काचेत त्रिवेणी होतीच. उभ्या-उभ्याच जेवायची. डब्यातला गूळ खाऊन झाकण हळूच लावायची. कधी नळ चालू ठेवून नुसतीच खिडकीकडे बघत राहायची. पाहिलेलं तो साठवून ठेवायचा आणि मग एखाद्या दिवशी जेवताना विचारायचा, "काल फोनवर कोणाशी हसत होतीस?" ती दचकायची. मग सांगायची, मावशी होती, किंवा शाळेतली जुनी मैत्रीण. उत्तर बरोबर असलं की त्याला बरं वाटायचं. घर जागेवर आहे, असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून त्याने गौरीला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "आईने कपाटाला काहीतरी केलंय."

"हौ बाबा, पाठवला ना तिनं फोटो. किती क्यूट झालंय. एकदम व्हिंटेज."

"तुला आधीपासून माहीत होतं?"

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. "म्हणजे काय, फोटो आला तेव्हा कळलं. का हो?"

"काही नाही. हल्ली ती कोणाकडे जाते-बिते का? तुला काही बोलली?"

"बाबा, तुम्ही आईलाच विचारा ना. एकाच घरात राहता तुम्ही." आणि वर्ग आहे म्हणून तिने फोन ठेवला. ती जे थांबली होती, ते मात्र त्याच्या कानात दिवसभर राहिलं. फोटो आला तेव्हा कळलं, हे सांगायला इतका वेळ कशाला लागतो.

घरी येऊन त्याने खुर्ची उजवीकडे सरकवली. पंख्याचा वारा नीट लागत नव्हता, असं स्वतःशी म्हटलं. उजव्या दाराची काच अजून साधी होती, आणि तिच्यात आता ओट्याची अर्धी बाजू दिसू लागली. त्रिवेणीची पाठ, वेणी, आणि फोन धरलेला हात. डाव्या काचेतही अगदीच काही दिसत नव्हतं असं नाही. वेलीची पानं आणि काही द्राक्षं तिने पारदर्शक सोडली होती, त्यामुळे एका पानात तिचं कोपर यायचं, दुसऱ्यात निळ्या साडीचा तुकडा, एका द्राक्षात काहीतरी चमकून जायचं, बांगडी असेल किंवा चमचा. त्या तुकड्यांवरून तो बाई जुळवायचा प्रयत्न करायचा आणि जुळायची नाही. ती हलायची आणि कोपर कलशात जाऊन नाहीसं व्हायचं. पूर्वी सबंध दिसत होती तेव्हा तो पेपर वाचता-वाचता मधूनच बघायचा. आता पेपर मांडीवर तसाच राहायचा. तिच्या बोटांना एक तिखट, औषधासारखा वास यायला लागला होता. ओट्याखाली रबरी हातमोजे होते. एकदा रात्री जेवताना ती म्हणाली, "गुरुवारी सुलतान बाजारला जाऊन येते," आणि त्याने "बरं" म्हटलं. त्या "बरं"मध्ये गुरुवारचा सगळा बेत त्याच्या मनात तयार झालेला होता.

सुलतान बाजारच्या अलीकडे एका गॅरेजमध्ये एक गाडी बघायची बाकी होती. ती त्याने गुरुवारीच बघितली, घाईघाईने, आणि मग कापडाच्या दुकानांच्या गर्दीत एका पाटीखाली जाऊन उभा राहिला. ऑटो, पुस्तकांच्या गाड्या, बुरख्यातल्या बायका, कोणीतरी ओरडून विकत असलेले टॉवेल. कोणी विचारलंच तर गॅरेजचं काम आहेच, हे त्याने मनात जुळवून ठेवलं होतं. कामाच्या वेळी तो गाडीवाल्यांच्या डोळ्यांत जे शोधायचा ते आता आपल्या चेहऱ्यावर असणार, असं त्याला वाटून गेलं. तेवढ्यात त्रिवेणी बसमधून उतरून येताना दिसली. चालण्यात घाई होती. ती एका काचेच्या दुकानात शिरली. दुकानदाराने, काळी-पांढरी दाढी राखलेल्या एका सडपातळ माणसाने, तिच्यासाठी स्टूल पुसलं, चहा मागवला. दोघं एका मोठ्या काचेवर वाकून काहीतरी बोलत राहिले. मग तो काहीतरी म्हणाला आणि त्रिवेणी हसली, मान मागे टाकून, तोंडावर हात न घेता. असं हसताना त्याने तिला काचेत कधी पाहिलं नव्हतं. ती एक गुंडाळी काखेत मारून निघून गेली तरी तो तिथेच उभा होता, आणि मग रस्ता ओलांडून दुकानात गेला, तेव्हा काय विचारायचं हे त्याने ठरवलेलं नव्हतं.

"आओ साब, बैठो. क्या होना?" दुकानदार म्हणाला.

"वो अभी एक मॅडम आए थे. वो काचका काम करते क्या?"

"त्रिवेणी मॅडम? हौ साब. पुराने घरां में काच रहता था ना, वैसाच बनाते उनो. इधर लोगां अलमारी के पल्ले लाते, मैं मॅडम को बोल देता. विद्यानगर, बरकतपुरा, सब जगह उनोच करके दिए. दोपहर में आके करते." त्याने थांबून युवराजकडे नीट बघितलं. "आप उनके कौन होते साब?"

उत्तर एका शब्दाचं होतं. ते तोंडाशी आलंही. पण ते उच्चारलं की आपण समोरच्या पाटीखाली इतका वेळ का उभे होतो तेही सांगावं लागणार, असं त्याला वाटलं. "कोई नहीं," तो म्हणाला. "घर में एक अलमारी है. इसलिए पूछा."

"तो बात कर लेव ना साब. अभी बस में चढ़े भी नहीं होंगे." आणि तो नको म्हणायच्या आत रऊफभाईने, दुकानावर तेच नाव होतं, फोन लावला. "मॅडम, एक साब आए, अलमारी का काम बोल रे. लेव, बात करो." फोन युवराजच्या हातात आला. तो त्याने कानाला लावला.

"नमस्ते साब," त्रिवेणी म्हणाली. "बोलिए. कितना बड़ा पल्ला है आपका?"

मागे रस्त्याचा गलका होता आणि त्यावरून तिचा आवाज स्पष्ट, मोकळा, थोडा वरच्या पट्टीत येत होता. घरात ती असं बोलत नसे. घरात तिचं प्रत्येक वाक्य शेवटी थोडं खाली यायचं, जणू परत घ्यायची वेळ आलीच तर हाताशी असावं. हा आवाज अनोळखी माणसाला घाबरत नव्हता. युवराजला वाटलं, आपण या बाईला ओळखत नाही, आणि ही आपल्याला ओळखत नाही, आणि तरीही ती आपल्याशी किती नीट बोलते आहे. "साब? आवाज आ रा क्या? पुराना डिजाइन होना क्या नया?" त्याने फोन कानाशी आणखी दाबून धरला. क्षणभर दोन्हीकडे कोणीच बोललं नाही. मग फोन बंद झाला. तो त्याने परत दिला. "नेटवर्क नहीं है," तो म्हणाला आणि दुकानातून बाहेर पडला. रऊफभाई बघत राहिला.

घरी पोचेपर्यंत त्याला दोन्ही वाटत राहिलं. दुपारी बायको परक्यांच्या घरात जाऊन काम करते आणि आपल्याला सांगत नाही, म्हणजे जे वाटलं ते खरंच होतं. आणि जे वाटलं होतं त्यातलं काहीच नाही, नुसती काच आहे. रोज संध्याकाळी कपाटात जे दिसायचं त्यात ती दुपार कधीच आणत नव्हती. मग इतकी वर्षं तो काय बघत होता. कोणती बाई गूळ खायची, कोणती खिडकीकडे बघत राहायची. आणि दुपार जर लपवता येते, तर दुपारच्या आत आणखी काय ठेवता येत नाही.

त्रिवेणी हॉलमध्ये जमिनीवर बसून प्लास्टिकच्या कागदातून पान कापत होती. तिने वर पाहिलं नाही.

"आज रऊफभाईंच्या दुकानात तुम्ही होतात," ती म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. फोनवरचा माणूस बोलला नाही, पण नाकाने श्वास सोडला त्यानं. समोरचा खोटं बोलतोय असं वाटलं की तुम्ही सोडता, तसा."

"ओळखलंस तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही ओळख द्याल म्हणून थांबले होते."

तो खुर्चीत बसला. मग खुर्ची कुठे आहे ते लक्षात येऊन अवघडला. "मला सांगायला काय झालं होतं? मी नाही म्हटलं असतं का कामाला?"

"नाही म्हटलं नसतं. विचारलं असतं. कोणाकडे, घरात कोण होतं, किती वेळ, कशाला हसलीस." तिने ब्लेड कागदावर ठेवलं. "तुम्ही काचेतून बघता हे मला लग्नाच्या वर्षापासून माहीत आहे. तेव्हा आवडायचं. घरात एवढी माणसं, आणि तुम्ही मला बघायला जागा शोधून काढली, म्हणून. मी पदर नीट करायची, तुम्हाला चेहरा दिसावा म्हणून या बाजूला वळून उभी राहायची. मग कधीतरी तुम्ही विचारायला लागलात. तेव्हापासून मी तिथं एकटी कधी नव्हते. डोळ्यांत पाणी आलं तर आधी कांदा घ्यायचा चिरायला. फोनवर हसू आलं की खोकायचं. खरं सांगू, मी संध्याकाळची दमते ती कामानं नाही."

"मग लपवायला काही नव्हतं तर काच कशाला पांढरी केलीस?"

"लपवायला असतं तर ती तशीच ठेवली असती," ती म्हणाली. "तिच्यात दिसतं त्यावर तुमचा केवढा विश्वास."

पंखा फिरत होता आणि कापलेली प्लास्टिकची पानं जमिनीवर हलत होती. त्याला लाज वाटत होती, ती मानेवर गरम होऊन बसली होती. आणि त्या लाजेच्या शेजारीच, तिला धक्का न लावता, नेहमीचा जुना हिशेबी माणूस बसून होता आणि म्हणत होता, किती नीट सांगितलं हिने. कुठेही अडखळली नाही. याचा त्याला राग आला, आणि तो तिच्यावर होता की त्या माणसावर, हे त्याला सांगता आलं नसतं.

"उजवं दार मुद्दाम तसंच ठेवलं होतं," त्रिवेणी म्हणाली. "म्हटलं बघू, एक काच गेली तर हे काय करतात. आत येतात का. तुम्ही खुर्ची सरकवली." तिने फरशीकडे बोट केलं. खुर्चीच्या पायाचा ओरखडा तिथं होता.

रविवारी सकाळी तिने उजव्या दाराच्या बिजागऱ्या सोडल्या. तो पेपर वाचत नव्हता, धरून बसला होता. "एक बाजू धरा," ती म्हणाली. त्याने धरली. दोघांनी मिळून दार खाली वर्तमानपत्रांवर आडवं ठेवलं. उतरवताना काच क्षणभर तिरपी झाली आणि तिच्यात त्याला आपलाच चेहरा दिसला, वाकलेला, हनुवटीखाली सैल. या काचेसमोर इतकी वर्षं बसूनही तो स्वतः तिच्यात कधी दिसल्याचं त्याला आठवेना. तिने कागद चिकटवला, बुडबुडे अंगठ्याने काढले, हातमोजे घातले आणि क्रीम पसरलं. वास खोलीभर झाला. त्याने न सांगता खिडकी उघडली. थांबायचं होतं, तेवढा वेळ दोघं दाराच्या दोन बाजूंना बसून राहिले. त्याला विचारायचं होतं, रऊफभाई काय म्हणाला होता, ज्यावर तू एवढी हसलीस. वाक्य तयार होतं. ते त्याने गिळलं, आणि गिळलं हे तिला कळलं असावं, कारण तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा काचेकडे.

"पाणी ओता आता," ती म्हणाली. "हळू. एका कडेनं."

तो ओतत गेला तसं क्रीम वाहून गेलं आणि काच पांढरी होत उघडत गेली. ओतताना आपणच आपल्या हाताने काहीतरी बंद करतो आहोत, हे त्याला कळत होतं. हात थांबला नाही.

दुपारी दार जागेवर बसलं. त्रिवेणी आत गेली. तो खुर्चीत बसला. समोर दोन पांढरी दारं, दोन कलश, वेली. मागे नळ चालू झाला, बंद झाला. डबा उघडल्याचा आवाज आला. मग तिचा फोन वाजला आणि ती हळू आवाजात बोलायला लागली. शब्द कळत नव्हते. त्याने मान वळवली नाही, पण सगळी पाठ कान होऊन बसली. ती मध्येच थांबायची, ऐकायची, हुंकार द्यायची. मग हसली. खोकली नाही.

तो उठला. हॉलमधून स्वयंपाकघराच्या दारापर्यंतचं अंतर काही पावलांचं होतं, पण काही कामाशिवाय तो ते कधी चालून गेला असेल असं त्याला वाटेना. पाणी मागायला, डबा ठेवायला, एवढंच. तो उंबऱ्याशी जाऊन उभा राहिला आणि तिच्याकडे बघू लागला, सरळ, लपवायला मध्ये काही नसताना. त्रिवेणी ओट्याला टेकून उभी होती. जवळून ती काचेतल्यापेक्षा ठेंगणी होती, कानामागचे केस पिकलेले होते. तिने त्याला पाहिलं. बोलणं थांबवलं नाही, आवाजही खाली आणला नाही. फोन कानाशी तसाच धरून तिने पायाने ओट्याखालचं स्टूल ओढलं आणि त्याच्याकडे सरकवलं.

तो बसला. ती कोणत्यातरी जाड काचेबद्दल बोलत होती, मग कोणाच्या तरी लग्नाबद्दल, मग पुन्हा काचेबद्दल. पलीकडून येणारा आवाज बारीक, तुटक होता. तो बाईचा आहे की पुरुषाचा, हे त्याने कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला, आणि त्याला कळलं नाही, आणि तो बसून राहिला.